‘असं नाही बोलायचं गं इथे’

सोलापूरच्या जुळे सोलापूर भागात राहणाऱ्या एका आईनं विचारलं आहे, ते थोडक्यात असं. ती मूळची इथली नाही. मुलगी आठ महिन्यांची. जावेनं तिला आयांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपात घेतलं. पहिल्याच आठवड्यात तिनं विचारलं, ‘मुलीचं जन्माचं वजन 2 किलो 600 ग्रॅम होतं, आता 6 किलो 800 आहे, कमी आहे का?’ उत्तर कुणीच दिलं नाही, दोघींनी नुसते बदाम पाठवले. दोन दिवसांनी कुणीतरी बारशाचा फोटो टाकला, आजी अंगठीनं बाळाला मध चाटवतेय. हिनं खाली लिहिलं, ‘एक वर्षाच्या आत मध देऊ नये, धोक्याचं असतं.’ ग्रुप संध्याकाळपर्यंत गप्प. रात्री एकीचा वेगळा मेसेज आला, ‘असं नाही बोलायचं गं इथे.’ मग कसं बोलायचं, आणि हे नियम कुठे लिहिलेत, असा प्रश्न आहे.

ताई, कुठेच लिहिलेले नाहीत. मी सोलापुरात वीसेक वर्षं लहान मुलांची डॉक्टर आहे आणि अशा तीन ग्रुपांत आहे. त्यातला एक आम्ही 2016 साली माझ्या दवाखान्यात लसीला येणाऱ्या आयांचा म्हणून काढला. तेव्हा एका ग्रुपात 256 जणी मावायच्या, 2022 पासून 1,024 मावतात. आमच्या ग्रुपच्या माथ्यावर चार नियम लिहिलेत: गुड मॉर्निंग नको, जाहिरात नको, राजकारण नको, औषधाचा डोस सांगायचा नाही. पहिले तीन रोज मोडतात. साडीवाली आणि शेंगाचटणीवाली तर हक्कानं मोडतात, कुणी काही म्हणत नाही. जे लिहिलेले नाहीत ते मात्र कुणी मोडत नाही, आणि मोडलेच तर काय होतं ते तुम्ही पाहिलंत.

आधी त्या दोन बदामांबद्दल. तुम्हाला वाटलं, कुणी लक्ष दिलं नाही. तुमच्या त्या मेसेजवर बोट दाबून किती जणींनी वाचलाय ते बघा, शंभराच्या वर आकडा असेल. उत्तर का नाही? जिचं बाळ आठव्या महिन्यात नऊ किलोचं आहे, तिनं तो आकडा लिहिला असता तर तुम्ही रात्रभर रडला असता, हे तिला कळतं. जिचं सहा किलोचं आहे, तिला कालच कुणीतरी घरी येऊन ‘हाडं दिसायला लागली की वो’ म्हणून गेलंय, ती आकडा कशाला उघड करेल? आणि जिचं तुमच्या मुलीएवढंच आहे, तिच्या घरी वजन मोठ्यानं बोललं की दृष्ट लागते. उरल्या त्या दोघी. त्यांनी बदाम पाठवला, म्हणजे ‘वाचलं, कळलं, पण बोलता येत नाही.’

मला इतक्या वर्षांत एवढं कळलंय की या ग्रुपात विचारलेल्या दहा प्रश्नांतल्या आठांच्या पोटात एकच प्रश्न असतो: माझं काही चुकतंय का? सर्दी, शी, झोप, दात, वजन हे वरचं वेष्टन. ‘चुकतंय’ असं चारचौघांत कुणाला म्हणायला लागू नये, म्हणून सगळे नियम तयार झालेत. एवढं धरून चाललात तर बाकीचे तुमचे तुम्हाला सापडतील. तरी सांगते, कारण काही नियम फार गमतीचे आहेत.

भाषेपासून सुरू करू. ‘घरचे म्हणतात’ याचा अर्थ सासू म्हणते. स्वतःची आई म्हणत असेल तर ‘आई म्हणते’ असं सरळ लिहितात, तिथे आडपडदा नसतो. ‘सहज विचारतेय’ म्हणजे दोन रात्री डोळ्याला डोळा लागलेला नाही. ‘माझ्या एका मैत्रिणीच्या बाळाला’ म्हणजे माझ्याच. ‘कुणाला अनुभव आहे का?’ म्हणजे डॉक्टरकडे जा एवढं सोडून काहीही सांगा. ‘हो ताई, करून बघते’ म्हणजे करणार नाही. आणि जोडलेले हात आले की विषय संपला. त्यानंतरही सल्ला देणारी बाई उद्धट ठरते, मग ती डॉक्टर का असेना. पहिल्या वर्षी मी जोडलेल्या हातांनंतर लोहाच्या थेंबांवर चौदा ओळी लिहिल्या होत्या. उत्तरादाखल पाच जणींचे जोडलेले हात आले. मी शिकले.

हे फक्त आपल्याकडचं आहे असं समजू नका. ब्रिटनमध्ये 2000 साली सुरू झालेल्या मम्सनेट या आयांच्या संकेतस्थळावर बायका नवऱ्याला ‘डीएच’ लिहितात, म्हणजे प्रिय नवरा, आणि पुढच्याच ओळीत त्या प्रियाची सालटी काढतात. त्याआधी ‘एआयबीयू’ असं विचारायची पद्धत आहे, म्हणजे मीच अवाजवी वागतेय का? आपल्याकडे ‘आमचे हे’ आणि ‘सहज विचारतेय’. तक्रारीवर आधी पदर ओढून घ्यायची रीत तिथेही आहे.

दुसरा नियम तुम्हाला जावेनं सांगायला हवा होता: सासू ग्रुपात आहे असं धरूनच लिहायचं. नसली तरी नणंद असते, नाहीतर नणंदेची शाळेतली मैत्रीण. 2011च्या जनगणनेत साडेनऊ लाखांचं हे शहर, पण सात रस्त्याला बोललेलं अशोक चौकात पोचायला रिक्षा लागत नाही. तुमचं मधाचं वाक्य तुमच्या सासूबाईंपर्यंत तुमच्या आधी पोचलेलं असणार. म्हणून इथे बाळगुटीवर, धुरीवर, टाळू भरण्यावर थेट कुणी बोलत नाही. सहाणेवर वेखंड-जायफळाचे वेढे कोण देतं आणि कुणाच्या आग्रहानं देतं, हे सगळ्यांना माहीत असतं. गुटीची टिंगल म्हणजे एका विशिष्ट बाईची टिंगल. तपासणीच्या खोलीत मी गुटी बंद करायला सांगते, ग्रुपात गुटीचं नावही काढत नाही. याला कुणी भित्रेपणा म्हणेल. म्हणू दे.

आता कौतुकाची जकात. चांगली बातमी एकटी टाकायची नाही, तिच्याबरोबर एक तक्रार भरावी लागते. ‘रात्रभर झोपतो’ असं नुसतं लिहिलंत तर गेलात. ‘रात्रभर झोपतो, पण खायच्या नावानं बोंब’ असं लिहिलं की गाडी सोडतात. दहाव्या महिन्यात चालायला लागली? ‘चालते, पण घरात एक वस्तू जागेवर राहिली नाही.’ ही जकात चुकवणारीला कुणी टोकत नाही, फक्त तिच्या पुढच्या प्रश्नाला उत्तरं कमी येतात. माझ्या मते यात मत्सर थोडा आणि दृष्टीची धास्ती जास्त. पूर्वी गालाला काजळाची तीट लावायचे, आता फोटोतल्या चेहऱ्यावर पिवळं हसरं तोंड चिकटवतात. काम एकच. अपवाद बोरन्हाणाचा. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत, गावात सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेची गर्दी असते त्या दिवसांत, चेहरे उघडे असतात, कारण हलव्याचे दागिने दिसले पाहिजेत. तेवढे दिवस कुणाला दृष्ट लागत नाही.

फोटोंचं आणखी एक. जेवणाचा फोटो टाकताना फोन फ्रेमच्या बाहेर ठेवायचा. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आहे की दोन वर्षांखालच्या मुलाला व्हिडिओ कॉल सोडून पडदा दाखवूच नये, आणि दोन ते पाच वयात दिवसाला जास्तीत जास्त एक तास. सगळ्यांना हे पाठ आहे. मग ‘आज स्वतःहून खाल्लं’ असा फोटो येतो, मऊ भात, वर तुपाची धार, सुंदर. आणि स्टीलच्या वाटीच्या कडेला निळा उजेड चमकत असतो. तो मला दिसतो, बाकीच्यांनाही दिसतो. कुणी बोलत नाही, कारण प्रत्येकीच्या वाटीत तो आहे.

प्रसूती कशी झाली हे विचारत नाहीत, ती आपणहून ‘सिझर’ म्हणाली तर ‘काळजी घे’ एवढंच. पोटात काय आहे हे तर 1994च्या कायद्यानंच विचारता येत नाही. तरी ‘गोड खावंसं वाटतंय का आंबट?’ हा प्रश्न येतोच. तो आम्ही ॲडमिन पुसून टाकतो आणि विचारणारीला कारण सांगत नाही. कारण तिला माहीत असतं.

डॉक्टरांबद्दलही नियम आहे. कौतुक ग्रुपात, तक्रार ‘पर्सनलला ये’. माझं नाव आलं आणि पाठोपाठ ‘पर्सनलला ये’ आलं, की त्या दिवशी मी कुणाला तरी अर्धा तास जास्त ताटकळत ठेवलेलं असतं, हे मी ओळखते.

वरच्या दुधावर थोडं थांबायला हवं. ‘वरचं’ हा शब्द ग्रुपात इतक्या हळू आवाजात लिहिला जातो की अक्षरंही बारीक वाटतात. डब्याचं नाव कुणी घेत नाही. 1992चा कायदा आहे, 2003 साली तो आणखी कडक झाला. त्यानं बाळांच्या पावडर-दुधाची आणि बाटल्यांची जाहिरात बंद केली. कंपन्या आणि दुकानदार यांच्यासाठीचा हा कायदा ग्रुपात आयांनी स्वतःला लावून घेतलाय. एका आईनं दुसरीला ‘मी पावडर देते’ म्हणणं हा काही गुन्हा नाही. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, हे मी रोज दहा वेळा सांगते. पण मीच काही बाळांना डबा लिहूनही दिलाय: आई अतिदक्षता विभागात, जुळी बाळं, किंवा सगळे प्रयत्न करूनही वजन उतरतंय. त्या आया ग्रुपात मुक्या होतात. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, स्तनपान सप्ताहात, आमच्याकडे फुलं, बदाम, आईच्या मांडीवरच्या बाळाची चित्रं यांचा पूर येतो, आणि तेवढे सात दिवस या बायका ग्रुप उघडत नाहीत. एकीनं मला हे दवाखान्यात, बाटली पिशवीत खोल दाबत दाबत सांगितलं. पिशवीवर सोलापुरी टॉवेल पसरलेला, बाटलीचं टोपण दिसू नये म्हणून. तेव्हापासून तो सप्ताह मी एकाच मेसेजवर उरकते. ‘वरचं का देतेस?’ हा प्रश्न ग्रुपात कधीच विचारायचा नाही. हा नियम मला मनापासून पटतो.

ग्रुपात कोण नाही, हेही बघा. सोलापुरात विड्या वळणाऱ्या हजारो बायका आहेत. त्यांच्यापैकी कितीजणींकडे स्वतःचा फोन आहे? घरात एक फोन, तो नवऱ्याचा, आणि दिवसभर त्याच्याच खिशात. म्हणून ग्रुपातला प्रत्येक नंबर ‘ताई’ असेलच असं नाही. आमच्याकडे एक ‘ताई’ आठ महिने होती. फार नेमके प्रश्न विचारायची, ‘धन्यवाद’ पूर्ण लिहायची. सगळ्यांची लाडकी. एक दिवस तिनं लिहिलं, ‘मी बाळाचा बाबा बोलतोय, बायको वाचायला सांगते, मी टाइप करतो.’ अर्धा दिवस शुकशुकाट. कारण त्या आठ महिन्यांत स्तनाग्रांच्या चिरांपासून टाक्यांपर्यंत सगळं बोलून झालं होतं. कुणी त्याला काढलं नाही, कुणी काही म्हटलं नाही. संध्याकाळी एकीनं त्याला विचारलं, ‘दादा, बाळाचं पोट साफ झालं का?’ झालं, दादा म्हणून तो मंजूर. पण त्याच रात्री ‘फक्त आया’ नावाचा दुसरा ग्रुप निघाला आणि टाक्यांच्या गोष्टी तिकडे गेल्या. त्याला ते अजून माहीत नसावं. ‘धन्यवाद’ अजून पूर्ण लिहितो.

भाषेचं सोलापुरी वैशिष्ट्य म्हणजे इथे चार भाषांच्या आया एका ग्रुपात असतात. पूर्व भागातल्या तेलुगू घरात बाळाला ‘पाप’ म्हणतात, अक्कलकोटकडच्या कन्नड घरात ‘कूसू’, आणि टाइप मराठीतच करतात, नाहीतर इंग्रजी अक्षरांत. एकीच्या ‘पाप झोपत नाही’वर नवख्या बाईनं ‘असं का म्हणता ताई, काय पाप केलंत?’ असं विचारलं होतं. शुद्धलेखनावर हसायचं नाही, हा नियम बहुधा त्या दिवशी जन्मला. आवाजी मेसेजचा वेगळा कायदा आहे. दिवसा तो आळस समजतात. रात्री कुणी लिहायचं सोडून आवाज पाठवला, तर ती रडतेय असं धरायचं, आणि उत्तर लिहून द्यायचं नाही, आवाजातच द्यायचं.

रात्रीचा विषय निघालाच आहे तर माझा आवडता नियम: रात्री दोनचं बोलणं सकाळी काढायचं नाही. दिवसा ग्रुपात चारशे जणी असतात, रात्री दोनला पाच-सहा. सगळ्या अंगावर पाजत, एका हातानं टाइप करत. त्या वेळी जे लिहिलं जातं ते दिवसा कुणी लिहीत नाही. ‘मला हे बाळ नको होतं असं वाटतंय.’ ‘आज मी त्याला जोरात आपटून ठेवलं गादीवर, मग घाबरले.’ पाचजणी तिला धरून बसतात. सकाळी सात वाजता कुणीतरी ‘आज पाणी आलंय का गं?’ विचारतं, त्याखाली रात्रीचं सगळं वर सरकून जातं, आणि पाणी आलेलं असलं तर तासभर ग्रुपात चिटपाखरू नसतं. रात्री बोलणारी बाई सकाळी भाकरीबद्दल बोलते आणि रात्रीच्या पाचजणींपैकी एकही तिला ‘बरी आहेस का?’ असं सर्वांदेखत विचारत नाही. हा नियम मी डॉक्टर म्हणून अर्धाच पाळते. ग्रुपात गप्प राहते, पण असं काही वाचलं की त्या बाईला दुपारी फोन करते. बाळंतपणानंतरचं नैराश्य हा आजार आहे, त्याला औषध आहे, आणि ‘थकवा असतो गं, होतं असं’ या वाक्याखाली तो महिनोन्‌महिने दडून राहतो. तुमच्या नजरेला असं काही पडलं तर तुम्हीही एकटीला गाठून विचारा, आणि तिच्या घरातल्या एका भरवशाच्या माणसाला कळवा.

आता तो चौथा, लिहिलेला नियम. तो लिहावा लागला त्याची गोष्ट. मागच्या एका उन्हाळ्यात, रात्रीचे साडेअकरा. साडेतीन महिन्यांच्या बाळाला दिवसा लस दिलेली, अंग तापलेलं. आईनं विचारलं, पॅरासिटामॉल किती द्यायचं? एकीनं लगेच, प्रेमानं लिहिलं, ‘आम्ही 5 मिली देतो, पटकन उतरतो.’ तिचं मूल अडीच वर्षांचं, बारा किलोचं. तिच्याकडे साधं सिरप होतं, ज्याच्या 5 मिलीत 120 मिलिग्रॅम औषध असतं. तिच्या मुलाला ते बरोबर होतं. विचारणारीकडे तान्ह्या बाळांचे थेंब होते. त्यांच्या एकाच मिलीत 100 मिलिग्रॅम असतं. सहा किलोच्या बाळाला एका वेळी एक मिलीसुद्धा लागत नाही, आणि ती 5 मिली, म्हणजे 500 मिलिग्रॅम द्यायला निघाली होती. औषध एकच, रंग जवळपास एकच, बाटली मात्र चौपट तीव्र. मी ग्रुपातून नंबर काढून फोन लावला. तिनं ड्रॉपरनं मोजून वाटीत काढून ठेवलं होतं, बाळ उठायची वाट बघत होती.

बाळ वाचलं म्हणायचं कारण नाही, कारण त्याला ते दिलंच नव्हतं. चूक त्यानंतर झाली, आणि ती माझी. फोन ठेवल्यावर मी घाबरलेल्या हातानं ग्रुपात ठळक अक्षरांत लिहिलं, ‘कृपया कुणीही कुणाला डोस सांगू नये, हे जीवघेणं आहे.’ दोन मिनिटांत 5 मिलीवाला मेसेज गायब झाला, फक्त ‘हा मेसेज डिलीट केला’ ही ओळ उरली. ती बाई त्यानंतर तीन महिने ग्रुपात एक अक्षर बोलली नाही. रात्री दोनला हमखास जागी असणाऱ्या, सगळ्यांना उत्तर देणाऱ्या पाच-सहांपैकी ती एक होती. मी बाळाच्या आईला फोन केला तसा तिलाही करायला हवा होता. तिचा आकडा तिच्या मुलासाठी बरोबर होता, एवढं तरी सांगायला हवं होतं. लिहिलेला नियम झाला, पण त्याची किंमत तिनं भरली.

हे तुम्हाला एवढ्या तपशिलात सांगितलं, कारण मधाच्या बाबतीत तुम्ही तेच केलंत. तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत, वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात रुजू शकतात आणि त्यांच्या विषानं बाळाचे स्नायू ढिले पडतात. दुर्मीळ आहे, पण एका चाटणासाठी ओढवून घेण्यासारखं नाही. अडचण अशी की तुम्ही प्रश्नाला उत्तर दिलं नाहीत, फोटोला दिलंत. फोटोत एक आजी होती, नवीन झबलं होतं, पाळण्याला लावलेली झेंडूची माळ होती. तुमच्या वाक्यानं त्या आजीला गुन्हेगार केलं, सगळ्या ग्रुपासमोर.

मग कसं सांगायचं? आमच्याकडे एक पद्धत आपोआप पडली आहे. दुरुस्ती प्रश्न म्हणून करायची. दुसऱ्या दिवशी सकाळी, फोटो वर सरकून गेल्यावर, कुणीतरी विचारतं, ‘मध कितव्या महिन्यापासून द्यायचा गं?’ चारजणी लिहितात, ‘वर्षानंतर.’ फोटोवाली वाचते, तिची सासू वाचते, कुणी कुणाकडे बोट दाखवत नाही. आत्ताच्या आत्ता काही चुकीचं पोटात जाणार असेल, तर नियम बाजूला ठेवून फोन करायचा, मेसेज नाही, फोन. आणि एकटीला लिहिणार असाल तर आधी बाळाचं नाव काय ठेवलं ते विचारा. ‘आमच्याकडेही चाटवला होता’ हे वाक्य फार कामाचं आहे, पण खरं असेल तरच वापरा.

तरी त्या शुकशुकाटानं फार खट्टू होऊ नका. तीन वर्षांपूर्वी आमच्याही ग्रुपात एका नवीन मुलीनं असंच थेट लिहिलं होतं, तिलाही असंच गप्प केलं गेलं. पुढच्या लसीच्या दिवशी चौघींनी दाराआड मला हळूच विचारलं, ‘मॅडम, मध खरंच नाही द्यायचा का?’

एक नियम असा आहे की तो कुणी केला हे मला अजून कळलेलं नाही. आमच्यातल्या एकीचं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं. तिच्या बहिणीनं एका ओळीत कळवलं. खाली जोडलेले हात आले, मग काहीच नाही. त्या दिवसापासून ग्रुपात एकाही बाळाचा फोटो आला नाही. कुणी ‘टाकू नका’ म्हटलं नव्हतं. वाढदिवस झाले, उष्टावणं झाली, एकही फोटो नाही. एका नवीन मुलीनं मुलाच्या पहिल्या पावलांचा व्हिडिओ टाकला, तो दोन मिनिटांत गेला, कुणीतरी तिला फोन केला असणार. अकरा दिवस असे गेले. मग तिनंच, जिचं बाळ गेलं होतं तिनं, कुणाच्या तरी जुन्या प्रश्नाला उत्तर दिलं: ‘दुपट्यांचं मऊ कापड मधल्या मारुतीजवळ मिळतं. माझ्याकडे धुऊन ठेवलेली आहेत, हवी तर घेऊन जा.’ ज्या मुलीनं विचारलं होतं ती गेली आणि घेऊन आली. चार दिवसांनी तिनं एक फोटो टाकला, बाळाचे नुसते पाय, खाली ते दुपटं. पहिला बदाम दुपटेवालीचाच होता.

आता तुमचा मूळ प्रश्न, जो ग्रुपात तसाच राहून गेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2006च्या तक्त्यानुसार मुलींचं जन्माचं मधलं वजन 3.2 किलो आणि ठीक समजायची खालची रेघ 2.4. तुमची मुलगी 2.6ला निघाली, म्हणजे सुरुवातीपासून रेघेच्या थोडी वर. आठव्या महिन्यात मधलं वजन 7.9, खालची रेघ 6.3. तुमची 6.8वर आहे, म्हणजे पुन्हा तिथेच, रेघेच्या थोडी वर. ती जिथून निघाली त्याच वाटेनं चालली आहे. माता-बाल संरक्षण कार्डात मुलींचा गुलाबी तक्ता असतो, त्यात मधल्या महिन्यांचे ठिपके जोडून बघा. हिरव्या पट्ट्यात रेघ वर चढत असेल तर शेजारणीच्या नऊ किलोशी तुमचं काही देणंघेणं नाही. मागचे दोन महिने रेघ आडवी झोपली असेल तर मात्र तुमच्या डॉक्टरांना दाखवा. वजन दर वेळी एकाच काट्यावर, लंगोट काढून करा. आणि खायला वरणाचं पाणी देत असाल तर ते बंद करा. पाण्यात पोट भरतं, वजन भरत नाही. घट्ट वरण, मऊ भात किंवा दुधात कुस्करलेली भाकरी, वर चमचाभर तूप, दिवसातून तीनदा, आणि अंगावरचं चालू.

ग्रुपात पुन्हा विचारायचं झालं तर आकडा लिहू नका. ‘घट्ट भरवलं की थुंकून टाकते, कुणाची टाकायची का?’ असं विचारा. चाळीस उत्तरं येतील. रात्री दोनला विचारलंत तर पाचच येतील, ती नीट वाचा.